परतीच्या वाटेवर विमान रखडलं, चुकलं, सामान आलं नाही: पहिल्या तासात नेमकं काय करायचं?

सायंतारा

जाताना विमान चार तास उशिरा सुटलं तर सहलीतला अर्धा दिवस जातो. परतताना तेच झालं तर प्रकरण वेगळंच होतं. व्हिसाची मुदत संपत आलेली असते, प्रवासविमा त्याच तारखेपर्यंत काढलेला असतो, औषधांच्या पट्ट्या शेवटच्या दोन-चार गोळ्यांवर आलेल्या असतात, तिथलं सिमकार्ड बंद पडायच्या बेतात असतं आणि बॅगा जातानापेक्षा जड झालेल्या असतात. तरीही तयारीचे सल्ले मिळतात ते सगळे जाण्याबद्दलचे.

म्हणून हा धागा फक्त परतीसाठी. विमान रखडणं, रद्द होणं, जोडविमान चुकणं, बॅग न येणं, पासपोर्ट हरवणं, सगळं चालेल. माझं ठाम मत असं की पहिला तास हातचा गेला तर पुढचे दोन दिवस जातात. रद्द झालेल्या विमानातले दीड-दोनशे जण पुढच्या विमानातल्या उरलेल्या मोजक्या जागांसाठी एकाच वेळी धावतात, आणि जागा ज्याने आधी मागितली त्याला मिळते. त्या तासात कुठल्या क्रमाने काय करावं? तिकीट, सामान, कायदा यातलं ज्यांना नीट कळतं त्यांनी सविस्तर लिहावं. नुसतं ‘शांत राहा’ लिहू नये ही विनंती.

मधलीसुट्टी

तीन गोष्टी एकदम करायच्या. पाय रांगेत, फोन कानाला, अ‍ॅप उघडं. विमानकंपनीचे हेल्पलाइन नंबर प्रत्येक देशात वेगळे असतात. ज्या देशात गोंधळ झालाय तिथला नंबर तुंबलेला असतो, दुसऱ्या देशातला बऱ्याचदा लगेच लागतो. तुमचं तिकीट तिथल्या माणसालाही तसंच दिसतं.

पाचवा_कोन

क्रमाबद्दल नंतर. आधी एक गोष्ट जी करायचीच नाही.

विमान रद्द झाल्यावर अ‍ॅपमध्ये किंवा मेसेजमध्ये दोन बटणं येतात: पैसे परत घ्या, किंवा दुसरं विमान निवडा. घाबरलेला माणूस पहिलं बटण दाबतो, कारण पैसे तरी सुटले असं वाटतं. ते दाबलं की कंपनीचा आणि तुमचा करार तिथेच संपतो. मग तुम्हाला घरी पोहोचवणं, हॉटेल देणं, जेवण देणं यातलं काहीही तिच्यावर उरत नाही. आणि त्याच संध्याकाळचं एकेरी तिकीट काढायला गेलात तर महिन्यांपूर्वी घेतलेल्या तिकिटाचे परत आलेले पैसे सहसा पुरत नाहीत. दुसऱ्या मार्गाने जायचं नक्की होऊन ते तिकीट हातात येईपर्यंत रिफंडला हात लावू नये.

दुसरं, फोनवर ‘तुम्हाला उद्या सकाळच्या विमानात घातलंय’ असं सांगितलं की लोक निर्धास्त होतात. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बुकिंग म्हणजे सहा अक्षरांचा पीएनआर. तिकीट म्हणजे १३ आकडी क्रमांक, ज्याचे पहिले ३ आकडे कंपनीची ओळख असतात. फोनवरच्या माणसाने बुकिंग बदललं पण तिकीट त्या नव्या विमानाला जोडून पुन्हा जारी केलं नाही, तर यादीत तुमचं नाव दिसतं आणि चेक-इनला मात्र अडतं. काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘नाव आहे, तिकीट नाही.’ कधी कधी तिकीट न जोडलेलं बुकिंग काही तासांत आपोआप गळूनही पडतं.

म्हणून फोन ठेवण्याआधी विचारायचं: ‘तिकीट रीइश्यू झालं का? नवा ई-तिकीट मेल आत्ता पाठवा.’ मेल आला की लगेच ऑनलाइन चेक-इन करून बघायचं. बोर्डिंग पास निघाला तर तिकीट जिवंत आहे. विमानाला २४ तासांपेक्षा जास्त अवकाश असेल आणि चेक-इन उघडलं नसेल, तर निदान आसन क्रमांक मिळतोय का ते बघावं आणि मेलमधल्या प्रत्येक टप्प्याची तारीख वाचावी. मध्यरात्रीनंतरच्या विमानांची तारीख चुकणं फार सामान्य आहे.

सायंतारा

@पाचवा_कोन, नेमकं हेच हवं होतं. दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवलं तर?

पाचवा_कोन

तर त्या दुसऱ्या कंपनीचा पीएनआर वेगळा मागून घ्या. बऱ्याचदा प्रत्येक कंपनीच्या संगणकात तेच बुकिंग वेगळ्या सहा अक्षरांनी राहतं. पहिल्या कंपनीचा पीएनआर दुसरीच्या वेबसाइटवर टाकला की ‘बुकिंग सापडत नाही’ येतं आणि विनाकारण धाबं दणाणतं.

आणि व्हीलचेअर, बाळासाठी पाळणा, विशेष जेवण, पैसे भरून घेतलेली जागा, जादा बॅगेचे भरलेले पैसे हे नव्या बुकिंगमध्ये आपोआप जातीलच असं नाही. कंपनी बदलली तर बहुतेक जात नाहीत. एकेक नाव घेऊन विचारावं. जागेचे आणि जादा बॅगेचे पैसे वाया गेले तर त्याचा परतावा नंतर मागता येतो, पावती जपा.

काउंटरपलीकडे

काउंटरच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. प्रवासी येतो आणि म्हणतो, ‘काहीतरी करा.’ मग पलीकडचा माणूस संगणकाने सुचवलेला पहिला पर्याय देतो. तो बहुधा त्याच कंपनीचा, त्याच मार्गाचा आणि उद्या-परवाचा असतो. संगणक विमानतळाच्या कोडावर शोधतो. तुमच्या घरापासून दोन तासांवर दुसरं विमानतळ आहे आणि तेही तुम्हाला चालेल, हे त्याला कसं कळणार?

त्यामुळे रांगेत उभं असतानाच स्वतः शोधून ठेवा: कोणतं विमान, कोणत्या मार्गाने, किती वाजता, आणि जागा विकायला आहे का. मग एवढंच बोला: ‘हे अमुक क्रमांकाचं विमान १८:४० ला आहे, त्यात दोन जागा दिसतायत, तुमच्या भागीदार कंपनीचं आहे, यात घालता का?’ होकार द्यायला पलीकडच्याला दहा सेकंद लागतात. शोधायला लावलंत तर दहा मिनिटं, आणि तेवढ्यात जागा जाते.

चार जण एकाच पीएनआरवर असतील तर संगणक चार जागा एकत्र शोधतो आणि त्या न मिळाल्यास ‘जागा नाही’ म्हणतो. घरात मोठी माणसं असतील, मुलांसोबत एक मोठं माणूस राहत असेल, तर ‘दोन-दोन केलं तरी चालेल’ असं आपणहून सांगा. बुकिंग फोडता येतं.

आणखी एक. सगळे गेटवरच्या काउंटरशी गर्दी करतात. बदलीच्या भागातलं ट्रान्सफर डेस्क, चेक-इन हॉलमधलं तिकीट काउंटर, त्याच कंपनीचं दुसरं गेट, सगळीकडे तेच काम होतं. गेटवरच्या माणसाला तर त्याच वेळी दुसरं विमानही सोडायचं असतं.

रेवाकाठ

हे सगळं एका तिकिटाचं झालं. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडून येणाऱ्यांचं काय? मला वाटतं मध्ये चार-पाच तास ठेवले की वेगळ्या तिकिटांत काही बिघडत नाही. सगळे उगाच भीती घालतात.

पाचवा_कोन

@रेवाकाठ, असहमत. निदान परतीसाठी तरी.

एका तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त आला नाहीत. ‘नो-शो’ लागतो, तिकीट जातं आणि त्या तिकिटावर पुढचे टप्पे असतील तर तेही रद्द होतात. चार तासांचं अंतर पहिल्या विमानाच्या साध्या उशिराला पुरतं, रद्द होण्याला पुरत नाही. शिवाय वेगळ्या तिकिटांत बॅग बहुधा मध्येच घ्यावी लागते. म्हणजे त्या देशात प्रवेश, म्हणजे व्हिसा, म्हणजे पुन्हा चेक-इनची रांग, आणि चेक-इन तर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद झालेलं असतं.

काढलीच असतील तर एक करा. दुसरं विमान चुकणार हे दिसायला लागलं की ते सुटण्याच्या आधी त्या कंपनीला कळवा. सुटल्यावर संगणक तुमच्यावर नो-शोचा शिक्का मारतो आणि बदलाचे नियम एकदम कडक होतात. सुटण्याआधी तेच तिकीट शुल्क भरून पुढे ढकलता येण्याची शक्यता बरीच असते.

रेवाकाठ

बॅगेचा आणि व्हिसाचा मुद्दा मान्य. पण जिथे दोन टप्पे एका तिकिटावर विकणारी कंपनीच नाही तिथे इलाज नसतो. तिथे मध्ये एक अख्खी रात्र ठेवणं हाच मार्ग, आणि ती रात्र दुसऱ्या विमानाच्या गावी काढावी.

पाचवा_कोन

यावर पूर्ण सहमत.

धुकेरी

उशीर जाहीर होण्याच्या आधी कळू शकतो, यावर थोडं.

तुमचं विमान आधी कुठून तरी येणार असतं. उड्डाणं दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तुमच्या उड्डाणाला कोणतं विमान लावलंय आणि ते आत्ता कुठे आहे ते दिसतं. फलकावर ‘वेळेवर’ लिहिलंय, सुटायला तासच उरलाय आणि तुमचं विमान अजून दोन तासांच्या अंतरावर हवेत आहे, तर उशीर नक्की आहे. फलक बदलायला वेळ लागतो. उतरल्यावर प्रवासी उतरणं, सफाई, इंधन, सामान, चढणं याला छोट्या विमानाला अर्धा-पाऊण तास जातो, मोठ्याला दीड तास किंवा जास्त. त्यावरून हिशेब करा.

आता कारण बघा, कारण त्यावरून पुढचा अंदाज येतो. धुकं असेल तर उतरणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, त्यामुळे तासाला कमी विमानं उतरतात. धुकं विरलं तरी तुंबलेली रांग दुपारपर्यंत पुरते. वीज कडाडत असेल तर विमानाभोवती काम करणारी माणसं आत बोलावतात. सामान चढत नाही, इंधन भरलं जात नाही. वादळ सरलं की सगळ्यांना एकदम निघायचं असतं. तांत्रिक बिघाडात उशीर अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढत जातो, कारण सुटा भाग मिळेल का हे तिथे कोणालाच ठाऊक नसतं. असा सरकत जाणारा उशीर तिसऱ्यांदा पुढे ढकलला की पर्यायी विमान शोधायला लागा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वैमानिक आणि केबिन क्रूची ड्युटी. त्यांनी एका पाळीत किती तास काम करायचं याला कायद्याने मर्यादा आहे. ती ओलांडायची वेळ आली की विमान तयार असलं तरी निघत नाही. नवा क्रू मिळाला तर ठीक, नाहीतर त्यांची विश्रांती पूर्ण होईपर्यंत थांबायचं. म्हणून तीन तासांचा उशीर अचानक बारा तासांचा होतो. रात्रीच्या शेवटच्या विमानाला हा धोका सगळ्यात जास्त. दिवसभराचा उशीर त्याच्यावर येऊन साचतो आणि त्यानंतर त्या दिवशी दुसरं विमान नसतं. परतीला निवड असेल तर सकाळचं पहिलं विमान घ्या. ते बहुतेक वेळा आदल्या रात्रीच येऊन थांबलेलं असतं.

चार्जर_कुठंय

@धुकेरी, वाचनखूण साठवली. विमान रखडलं की गेटवर राज्य त्याचं ज्याच्याकडे मल्टिप्लग आहे :) एका सॉकेटवर चार अनोळखी फोन लागतात आणि जागाही कोणी धरून ठेवतं.

पॉवर बँकेबद्दल नीट लिहितो. मर्यादा वॉट-तासात असते. एमएएच भागिले १,००० गुणिले व्होल्ट, म्हणजे ३.७ व्होल्टची २०,००० एमएएच बँक ७४ वॉट-तासांची. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच नेता येतात. त्यापुढे बंदी. काही कंपन्यांचे आणि देशांचे नियम याहून कडक आहेत, संख्येवर आणि विमानात वापरण्यावरही. आकडे पुसट झाले असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात, तेव्हा छपाई वाचता येते का ते घरी बघा.

पॉवर बँक कायम हातातल्या सामानात. परतीला इथेच घोळ होतो. विमान भरलेलं असतं, गेटवर सांगतात की चाकाची बॅग खाली पोटात टाकतोय. त्या क्षणी पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, ई-सिगारेट, औषधं, पासपोर्ट, घराची किल्ली बाहेर काढायची. म्हणून हातातल्या बॅगेत वरच एक घडीची कापडी पिशवी असू द्या आणि या वस्तू सुरुवातीपासून तिच्यातच ठेवा.

बॅगवाला

सामानाकडे वळू. चेक-इनला जो लांब कागदी पट्टा बॅगेला बांधतात त्यावर १० आकडी क्रमांक असतो आणि त्याचं छोटं स्टिकर तुम्हाला मिळतं. त्या स्टिकरचा फोटो तिथेच काढा. पट्ट्यावर तीन अक्षरी विमानतळ कोड असतात, त्यात शेवटचा मुक्काम तुमचाच आहे ना ते बॅग पुढे सरकण्याआधी वाचा. जुने पट्टे आणि बॅगेवर चिकटलेली बारकी जुनी बारकोड स्टिकरं सगळी खरवडून काढा. वर्गीकरण यंत्र जुना बारकोड वाचतं किंवा गोंधळून बॅग हाताने तपासायच्या ढिगात टाकतं, आणि जोडविमानाला वेळ कमी असेल तर ती तिथेच राहते.

विमान बदललं, मार्ग बदलला तर बॅगेलाही ते कळावं लागतं. नवा बोर्डिंग पास घेतानाच विचारा: ‘बॅग आत्ता कुठे आहे, आणि तिचा पट्टा नव्या विमानासाठी बदलला का?’ स्टिकरवरचा क्रमांक सांगा. चेक-इन, विमानात चढवणं, बदली आणि प्रवाशाला परत देणं या चार ठिकाणी बॅगेची नोंद ठेवायचा नियम विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ पासून लावलाय. त्यामुळे शेवटची नोंद कुठली ते त्यांना बघता येतं.

उतरल्यावर सामानाचा फिरता पट्टा थांबला आणि बॅग आली नाही, तर हॉलच्या बाहेर पडायचं नाही. सामानाच्या काउंटरवर पीआयआर नावाची तक्रार नोंदवून घ्यायची. तिचा क्रमांक दहा जागांचा: तीन अक्षरं विमानतळाची, दोन कंपनीची आणि पाच आकडे. बॅग शोधायची यंत्रणा जगभर बहुतेक कंपन्यांत एकच आहे, वर्ल्डट्रेसर. जबाबदारी सहसा शेवटच्या टप्प्याच्या कंपनीवर येते, सुरुवात कोणीही केलेली असो.

परतीला लोक फॉर्मवर चुकून प्रवासातला फोन नंबर आणि हॉटेलचा पत्ता लिहितात. सिमकार्ड दोन दिवसांत बंद, आणि बॅग पोहोचवणारा त्या नंबरवर फोन करत बसतो. घरचा पत्ता, घरी चालणारा नंबर, ईमेल. बॅगेच्या बाहेरच्या टॅगवरही परतताना घरचाच पत्ता हवा, आणि आत कपड्यांच्या वर एक चिठ्ठी: नाव, फोन, ईमेल. बाहेरचा टॅग तुटला तर बॅग उघडून तीच चिठ्ठी बघतात.

बॅगेचं वर्णन ‘काळी, मध्यम’ असं देऊ नका. तशा शेकडो असतात. आतल्या, दुसऱ्या कोणाकडे नसतील अशा चार वस्तू लिहा. बॅग मागून आंतरराष्ट्रीय विमानाने आली तर कस्टम्ससाठी तुमची सही किंवा संमतीपत्र लागू शकतं आणि कुलूप असेल तर किल्ली किंवा नंबर. हे काउंटरवरच विचारून पूर्ण करा, नाहीतर बॅग विमानतळावर पोहोचूनही पडून राहते.

सायंतारा

बॅगेत ठेवायच्या ट्रॅकरचा उपयोग होतो का? की नुसतं नकाशावर बघून जळायचं?

बॅगवाला

होतो. गोल छोट्या बटण-बॅटरीचे ट्रॅकर चेक-इन बॅगेत चालतात. २०२४ च्या अखेरीस अ‍ॅपलने आपल्या ट्रॅकरचं ठिकाण विमानकंपनीला लिंकने कळवायची सोय केली. ती लिंक बऱ्याच कंपन्या वर्ल्डट्रेसरमध्ये घेतात. ७ दिवसांनी ती आपोआप बंद होते, बॅग आली नसेल तर नवी पाठवायची. फक्त ‘बॅग अमुक शहरात आहे’ असं सांगू नका. ‘अमुक टर्मिनलपाशी काल रात्री ११ पासून हललेली नाही’ असं सांगा. त्यावर शोधणाऱ्याला काहीतरी करता येतं.

कलम३१

मुदतींबद्दल लिहितो, कारण हक्क असून लोक मुदतीमुळे हरतात.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. बॅग फुटली किंवा आतल्या वस्तूंचं नुकसान झालं तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार. बॅग उशिरा आली तर ती मिळाल्यापासून २१ दिवस. बॅग २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. कोर्टात जायची मुदत २ वर्षं. सामानासाठी कमाल भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपास. हा आकडा आपोआप मिळत नाही, ही वरची मर्यादा आहे. झालेलं नुकसान दाखवावं लागतं. त्याहून मौल्यवान काही असेल तर चेक-इनलाच मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरता येतं, पण खरं तर तसलं काही खाली टाकूच नये.

@बॅगवाला यांनी सांगितलेली पीआयआर ही फक्त शोधाची नोंद असते. भरपाईची लेखी तक्रार वेगळी, कंपनीच्या फॉर्मवर किंवा ईमेलने, या मुदतींच्या आत. दोन्ही एकच समजून गप्प बसणारे खूप आहेत.

उशीर आणि रद्द झालेल्या विमानाचं बघताना दिशा महत्त्वाची. युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा २००४ चा नियम संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला लागू होतो, पण बाहेरून संघात येताना फक्त संघातल्या कंपनीच्या. म्हणजे तिथून घरी परतताना संघाबाहेरच्या कंपनीच्या विमानालाही तो लागतो, जाताना त्याच कंपनीला लागला नव्हता. मुक्कामी पोहोचायला ३ तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. एकाच बुकिंगवर पुढचं जोडविमान संघाबाहेर चुकलं तरी हिशेब शेवटच्या मुक्कामाचा. उशीर मोजतात तो दार उघडेपर्यंतचा, चाकं टेकेपर्यंतचा नाही.

वादळ, हवाई नियंत्रण बंद असणं ही कारणं असतील तर ही रोख भरपाई मिळत नाही. पण जेवण, हॉटेल आणि तिथवरची ने-आण मिळायलाच हवी, कारण काहीही असो. ‘हवामान खराब आहे, आम्ही काही देऊ शकत नाही’ हे वाक्य त्या नियमाखाली चुकीचं आहे. साधा तांत्रिक बिघाड हे अपवादात्मक कारण धरलं जात नाही.

अमेरिकेत उशिराची रोख भरपाई कायद्याने नाही. विमान रद्द झालं किंवा देशांतर्गत ३ तास, आंतरराष्ट्रीय ६ तास किंवा त्याहून जास्त बदललं आणि तुम्ही जाणं नाकारलं, तर पैसे परत मिळतात. धावपट्टीवर अडकवून ठेवायला मर्यादा आहे: देशांतर्गत ३, आंतरराष्ट्रीय ४ तास, आणि दोन तासांच्या आत पाणी आणि काहीतरी खायला देणं बंधनकारक.

मधलीसुट्टी

कंपनीने हॉटेल दिलंच नाही, काउंटर बंद करून माणसं निघून गेली, तर?

कलम३१

बंद काउंटरचा वेळ दिसेल असा फोटो काढा, कंपनीला लेखी मेसेज करा की सोय मिळाली नाही, आणि मध्यम दराचं हॉटेल स्वतः घ्या. वाजवी खर्च नंतर मागता येतो. आलिशान खोलीचं बिल अडतं. मूळ पावत्या हव्यात. कार्डाचा मेसेज पुरत नाही, कारण त्यात काय घेतलं ते दिसत नाही.

निशिगंधा

विम्याबद्दल कोणी लिहिलं नाही. परतीच्या प्रवासात तिथेच सगळ्यात मोठी भोकं असतात.

बॅग उशिरा आल्याचा लाभ बऱ्याच पॉलिसींमध्ये फक्त जातानाच मिळतो. घरी पोहोचल्यावर कपडे घरात आहेतच, असं त्यामागचं कारण. पॉलिसीत ‘परतीचा प्रवास वगळून’ असे शब्द आहेत का ते बघा. असतील तर भरपाईसाठी कंपनी आणि वर @कलम३१ यांनी सांगितलेला करार एवढाच रस्ता. तिथेही घरी आल्यावर नवे कपडे घेतल्याचं बिल मान्य होणं अवघड. जे घरी दुसरं नाहीच, म्हणजे चश्मा, औषध, कामाचं साधन, त्याचा खर्च टिकतो.

पॉलिसीची शेवटची तारीख परतीच्या दिवसाची असते. विमान रखडून तुम्ही दुसऱ्या दिवशी पोहोचलात तर काही पॉलिसी आपोआप वाढतात, काहींना फोन करून कळवावं लागतं, तेही मुदत संपण्याआधी. म्हणून रद्द झाल्याचा मेसेज आला की पुढच्या तासाभरात विम्याच्या नंबरला कळवा. मुळात पॉलिसी काढतानाच दोन-तीन दिवस जास्तीचे घ्यावेत, फरक किरकोळ असतो.

दावा करताना उशिराचं लेखी प्रमाणपत्र लागतं: विमान क्रमांक, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, कारण. काउंटरवर लगेच मिळालं तर उत्तम. नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवरून नंतर मागवता येतं.

हेच पत्र व्हिसासाठीही उपयोगी पडतं. व्हिसा आज संपतोय आणि विमान उद्यावर गेलं, तर पासपोर्ट तपासणी पार होण्याआधी तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याला विचारा आणि कंपनीचं पत्र दाखवा. निर्गमनाचा शिक्का आधीच बसला असेल आणि हॉटेलसाठी बाहेर जायचं असेल, तर तो शिक्का रद्द करावा लागतो किंवा पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. कंपनीच्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय त्या दारातून बाहेर पडू नका.

रेवाकाठ

मधल्याच देशात रात्र काढायची वेळ आली आणि तिथला व्हिसा नसेल तर बाहेरच्या हॉटेलचं व्हाउचर घेऊन करायचं काय?

काउंटरपलीकडे

काहीच नाही, म्हणून ते स्वीकारण्याआधी सांगायचं की प्रवेशाचा व्हिसा नाही. आतल्या बाजूला ट्रान्झिट हॉटेल असेल तर त्याची मागणी करा. काही देशांत अडकलेल्या प्रवाशांना तात्पुरता प्रवेश देतात, ते काम कंपनीच करते. दोन्ही नसेल तर विचारा की रात्री बदलीचा भाग उघडा राहतो का. सगळीकडे राहत नाही.

वयस्कर माणसं सोबत असतील तर व्हीलचेअरची मागणी पुन्हा नोंदवून घ्या आणि गेटवर आधी पोहोचा. औषधं हातातल्या बॅगेत, निदान दोन दिवसांची जास्त, मूळ वेष्टणात, चिठ्ठीसह.

मधलीसुट्टी

ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवीही लक्षात ठेवा. रात्री बाहेर जाऊन सकाळी पुन्हा सुरक्षा तपासणीतून आलात तर १०० मिलीहून मोठी बाटली अडू शकते. पिशवी फोडली असेल तर बहुतेक ठिकाणी अडतेच.

सायंतारा

मूळ प्रश्नाकडे येते. तुम्हा सगळ्यांचं वाचून क्रम असा दिसतोय: आधी जागा, मग तिकीट पुन्हा जारी झाल्याची खात्री, मग बॅग, मग लेखी कारण, मग विमा. हॉटेल आणि जेवण त्यानंतर, कारण ते तासाभराने मागितलं तरी मिळतं. बरोबर ना? आणि विमान रद्द होऊन रात्री थांबावं लागलं तर चेक-इन झालेल्या बॅगेचं काय होतं, हे अजून कळलं नाही.

धुकेरी

क्रम बरोबर. एक भर. उशीर जाहीर झाला म्हणून गेटपासून लांब जाऊ नका. दोन तासांचा उशीर कधी कधी एक तासावर येतो, कारण उड्डाणासाठी दिलेली वेळ पुढे-मागे सरकत असते. युरोपात हवाई वाहतूक नियंत्रणाने दिलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर एवढ्याच खिडकीत विमानाला उडता येतं. ती खिडकी अचानक लवकरची मिळाली तर दार कोणासाठी थांबत नाही.

बॅगवाला

@सायंतारा, बॅगेचं दोनपैकी एक होतं. विमान रद्द झालं की बहुतेक ठिकाणी बॅगा उतरवून आगमनाच्या पट्ट्यावर सोडतात, आणि सकाळी त्या घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. तिथे न विचारता हॉटेलला गेलात तर बॅग रात्रभर पट्ट्यापाशी बेवारस पडते आणि सकाळच्या विमानात ती नसते, कारण ती पुन्हा दिलीच नाही. दुसरा प्रकार बदलीच्या विमानतळावरचा. तिथे बॅग सहसा आतच साठवतात आणि नव्या विमानाला लावतात. ती मागून घेता येते, पण दोन-तीन तास लागू शकतात, आणि प्रवेशाचा व्हिसा नसेल तर पट्ट्यापर्यंत जाताच येत नाही.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: ‘बॅग मी घ्यायची की तुम्ही नेणार?’ ‘तुम्ही नेणार’ असं उत्तर आलं तर सकाळी बोर्डिंग पास घेताना स्टिकरवरचा १० आकडी क्रमांक सांगून ती नव्या विमानाला लागली आहे का ते पुन्हा तपासून घ्या. ‘तुम्ही घ्या’ असेल तर पट्ट्याचा क्रमांक विचारा. रद्द विमानाचा पट्टा बऱ्याचदा फलकावर येत नाही.